विचारा की! : लाकडी माइनस्वीपर आणि समुद्रातले सुरुंग

गेल्या अंकात नौदलाच्या निवृत्त जहाजांबद्दल उत्तर देताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या जुन्या बोटींचं, म्हणजे माइनस्वीपरचं, अंग चक्क लाकडाचं असायचं. बाकी सगळं उत्तर राहिलं बाजूला आणि पत्रं आली ती त्या एका वाक्यावर. म्हणून यावेळचं पान पूर्ण त्यालाच दिलंय. ज्यांनी गॅस कनेक्शन आणि पासपोर्टबद्दल विचारलंय त्यांनी जरा दम धरा, पुढच्या वेळी नक्की.

सर, लाकडाची युद्धनौका हे वाचून आधी हसूच आलं. स्टील असताना लाकूड कशाला? साध्या गोळीनं आरपार भोक पडेल ना? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक)

पडेल की. पण ती बोट गोळ्या झेलायला बनवलेलीच नसते. तिचा शत्रू पाण्याखाली आहे आणि तो शत्रू बघत नाही, तो चुंबकत्व ओळखतो.

लोखंडाचं जहाज म्हणजे एक अवाढव्य लोहचुंबक. शिपयार्डात ते महिनोनमहिने एकाच दिशेला तोंड करून पडलेलं असतं, वरून ठोकाठोक आणि वेल्डिंग चालू, पृथ्वीचं चुंबकक्षेत्र तर कायमचंच, त्यामुळे बांधून होईपर्यंत त्यात चुंबकत्व मुरलेलं असतं. असं जहाज समुद्रातून जातं तेव्हा त्याच्या आजूबाजूचं चुंबकक्षेत्र थोडं बदलतं. आपल्याला काय त्याचं, पण तळाशी पडलेल्या सुरुंगातल्या यंत्राला ते कळतं आणि सर्किट पूर्ण होतं. जहाजानं सुरुंगाला शिवायचीसुद्धा गरज नाही.

हे जगाला नीट कळलं ते १९३९ च्या नोव्हेंबरात. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ, टेम्स नदीच्या मुखाशी जहाजं पटापट बुडत होती आणि कशामुळे ते कोणालाच धड कळेना. मग २२ नोव्हेंबरच्या रात्री एका जर्मन विमानानं पॅराशूटनं टाकलेला सुरुंग शूबरीनेस नावाच्या गावाजवळ चिखलात पडला आणि ओहोटी लागल्यावर उघडा पडला. ब्रिटिश नौदलाचा जॉन उव्हरी नावाचा अधिकारी आणि त्याचे साथीदार तिथे गेले, मुद्दाम चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूची अवजारं बनवून घेतली आणि तो सुरुंग उघडून आतलं यंत्र बाहेर काढलं. माझ्या मते त्या सगळ्या युद्धातल्या सगळ्यात थंड डोक्याच्या कामांपैकी हे एक. कारण आत काय आहे हे माहीत नसताना, चुकलो तर पुढच्या माणसाला कळावं म्हणून प्रत्येक पायरी आधी सांगून मग नट फिरवायचा, हे करायला वेगळंच काळीज लागतं.

यंत्र कळल्यावर उपायही निघाला. जहाजाभोवती तांब्याची केबल गुंडाळायची, त्यातून करंट सोडायचा आणि जहाजाचं चुंबकत्व जमेल तेवढं मारून टाकायचं. याला डिगॉसिंग म्हणतात. मालवाहू जहाजाला एवढं पुरतं, ते एकदा जाणार आणि एकदा येणार. पण ज्या बोटीला त्याच सुरुंगांवरून दिवसभर इकडून तिकडे फिरायचंय तिला "जमेल तेवढं" चालत नाही. तिच्या अंगात लोखंडच नको. आणि १९५० च्या आसपास मोठी, दणकट, चुंबकाला दाद न देणारी बोट बांधायची तर हाताशी असलेला सगळ्यात भरवशाचा माल म्हणजे लाकूड.

ब्रिटिशांच्या टन क्लास बोटी हे त्याचं छान उदाहरण. साधारण ४६ मीटर लांब, ॲल्युमिनियमच्या फासळ्या आणि त्यावर महोगनीच्या फळ्यांचे दोन थर. अशा शंभरावर बोटी बांधल्या आणि सगळ्यांची नावं इंग्लंडातल्या "टन"नं संपणाऱ्या गावांवरून. त्यातल्या बऱ्याच बोटींना नेपियर डेल्टिक नावाचं डिझेल इंजिन होतं, वजनाला हलकं आणि ज्यात लोखंड मुद्दाम कमी ठेवलेलं असं.

तू इंजिनिअरिंगचा आहेस म्हणून एक जास्तीची गोष्ट. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही हे बरोबर, पण बोट लाटांवर डोलायला लागली की पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात हलणाऱ्या त्या धातूत बारीक प्रवाह फिरायला लागतात, आणि प्रवाह आला की त्याचं स्वतःचं चुंबकक्षेत्र आलंच. फॅरेडेचा नियम कुठे सुट्टी देतोय! त्यात इंजिन, जनरेटर, अँकर हे सगळं कितीही कमी केलं तरी थोडंफार उरतंच, म्हणून लाकडी बोटीतही डिगॉसिंगची केबल असतेच असते.

आणि लाकूड म्हणजे कवचकुंडलं असंही समजू नकोस. १९५० मध्ये कोरियातल्या वोनसान बंदराबाहेर दक्षिण कोरियाची वायएमएस ५१६ नावाची लाकडी माइनस्वीपर चुंबकीय सुरुंगानंच उडाली.

आमची ट्रॉलर आहे, जाळं ओढणं हेच आमचं काम. सुरुंग काढणारे पण दोरखंड ओढतात असं ऐकलं. नक्की करतात काय? (एक तांडेल, हर्णै)

दादा, हा प्रश्न तुम्ही विचारलात हेच बरं झालं, कारण हे काम सुरुवातीला केलंच तुमच्या धंद्यातल्या लोकांनी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाला सुरुंग काढायला बोटी कमी पडल्या तेव्हा त्यांनी मासेमारीचे ट्रॉलर खलाशांसकट ताब्यात घेतले. मागे जड गिअर ओढत सरळ रेषेत बोट चालवायची कशी, विंच कधी सोडायचा, तार कुठे अडकली हे तिच्या ताणावरून कसं ओळखायचं, हे नौदलाच्या माणसापेक्षा त्यांना चांगलं येत होतं.

आधी साधा सुरुंग समजून घ्या. पोकळ लोखंडी गोळा, आत स्फोटकं, त्यामुळे तो वर यायला बघतो. तळाला वजनदार पेटी, आणि दोघांना जोडणारी तार अशी मापात की गोळा पाण्याखाली दोनचार मीटरवर लपून राहील. गोळ्याला शिंगं असतात, शिशाची. शिंगाच्या आत काचेची नळी, नळीत ॲसिड. जहाज घासलं की मऊ शिसं वाकतं, नळी फुटते, ॲसिड खाली कोरड्या बॅटरीत उतरतं आणि त्या क्षणी करंट तयार होऊन स्फोट. म्हणजे नळी फुटेपर्यंत बॅटरी मेलेलीच असते, संपायचा प्रश्नच नाही, म्हणूनच हे असले सुरुंग वर्षानुवर्षं पाण्यात राहून पण धोक्याचे राहतात.

आता काढायचं कसं. तुमच्या जाळ्याचं तोंड उघडं ठेवायला दोन बाजूंना फळ्या असतात ना, पाण्याच्या दाबानं बाहेर पळणाऱ्या, तीच युक्ती इथे. माइनस्वीपर मागे एक लांब पोलादी तार सोडते. तारेच्या टोकाला तसलीच फळ्यांची चौकट, ती तार बाजूला खेचत नेते. बोटीच्या जवळच्या बाजूला दुसरी चौकट, ती तारेला खाली दाबून ठेवते. टोक कुठे आहे ते कळायला वर तरंगणारा फ्लोट. झालं, पाण्याखाली तिरकी पसरलेली तार तयार. या पद्धतीला ओरोपेसा म्हणतात, ज्या ट्रॉलरवर हिचे प्रयोग झाले त्याचं नाव ओरोपेसा होतं म्हणून.

ही तार सुरुंगाच्या तारेला मध्येच गाठते. मग सुरुंगाची तार घसरत घसरत टोकाकडे जाते, तिथे कटर बसवलेले असतात, काही नुसत्या दात्यांचे आणि काही छोट्या स्फोटानं तार तोडणारे. तार तुटली की गोळा टुणकन वर. आणि मग डेकवरून रायफलनं किंवा तोफेनं त्याला टिपायचं. दरवेळी मोठा स्फोट होतोच असं नाही, पुष्कळदा भोकं पडून पाणी भरतं आणि तो मुकाट तळाला जातो. सिनेमात दाखवतात तेवढी मजा नसते त्यात.

तुम्हाला लगेच शंका आली असेल की बोट स्वतः सुरुंगावर गेली तर? येतेच ती वेळ. म्हणून या बोटींचा तळ पाण्यात फार खोल जात नाही असा बांधतात आणि पहिल्या महायुद्धात हे ट्रॉलर शक्यतो भरतीच्या वेळी काम करायचे, म्हणजे सुरुंग बोटीच्या तळापेक्षा खोल राहतील. शिवाय बोटी एकामागे एक तिरक्या रांगेत चालतात, प्रत्येक बोट पुढच्या बोटीनं साफ केलेल्या पट्ट्यात. पहिली बोट सोडून. पहिल्या बोटीपुढे कोणीच नसतं. मागून एक बोट झेंड्यांचे बोये टाकत येते, इथपर्यंत झालं अशी खूण करत.

हे झालं तारेनं बांधलेल्या सुरुंगांचं. तळाशी पडलेल्या चुंबकीय सुरुंगाला तारच नसते, कापणार काय? तिथे त्याला फसवावं लागतं. बोट मागे तरंगणाऱ्या जाड केबली ओढते, टोकाला इलेक्ट्रोड, आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून जबरदस्त करंटचे झटके सोडते. सुरुंगाला वाटतं मोठं लोखंडी जहाज आलं, आणि तो बोटीच्या बराच मागे फुटतो. इथे लाकडी अंगाचा उपयोग कळतो बघा, बोट स्वतः गुपचूप पुढे निघून जाते आणि तिच्या शेपटीवर सुरुंग भुलतो. आवाजावर चालणाऱ्या सुरुंगांसाठी असंच पाण्याखाली खडखडाट करणारं यंत्र ओढतात. आणि पाण्याच्या दाबातला फरक ओळखणारे सुरुंग जर्मनांनी १९४४ मध्ये नॉर्मंडीला वापरले, त्यांना फसवायचं तर खऱ्या जहाजाएवढंच पाणी हलवावं लागतं, म्हणजे जवळजवळ अशक्य. तिथे जहाजांनी अगदी हळू चालणं हाच इलाज होता.

एवढा खटाटोप कशाला? एखादं भंगारातलं रिकामं जहाज त्या वाटेनं सोडून द्यायचं, जे फुटायचं ते फुटेल. (वाचक, पुणे)

पुणेकरांकडून याच प्रश्नाची वाट बघत होतो! अहो, सुरुंग बनवणाऱ्यानंही हा विचार केलेला असतो. त्यात काउंटर बसवता येतो, म्हणजे पहिली पाच जहाजं जाऊ दे आणि सहाव्याला फुट. तुमचं भंगार जहाज सुखरूप पलीकडे जाणार, टाळ्या वाजणार, आणि मागून येणारं तेलाचं टँकर उडणार. म्हणूनच माइनस्वीपरला एकाच पट्ट्यावरून पुन्हा पुन्हा जावं लागतं.

तरी तुमची कल्पना अगदीच हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जुलै १९८७ मध्ये इराण-इराक युद्ध चालू असताना अमेरिकन युद्धनौका कुवेतच्या टँकरना संरक्षण देत आखातातून नेत होत्या, त्यातल्या ब्रिजटन नावाच्या टँकरला सुरुंग लागला. टँकर अवाढव्य, त्याला भोक पडलं तरी तो चालत राहिला. आणि मग काय झालं, तर संरक्षण द्यायला आलेल्या युद्धनौका गुपचूप त्या टँकरच्या मागे रांगेत लागल्या! कारण पुढचा सुरुंग झेलायची ताकद त्याच्यातच जास्त होती. नऊ महिन्यांनी, एप्रिल १९८८ मध्ये, तिथेच सॅम्युएल बी. रॉबर्ट्स ही अमेरिकन फ्रिगेट सुरुंगावर गेली, तिचा कणाच मोडला, खलाशांनी रात्रभर धडपडून ती कशीबशी तरंगती ठेवली. तो सुरुंग कुठल्या डिझाइनचा, तर १९०८ सालच्या रशियन. किंमत दीडेक हजार डॉलर सांगतात आणि दुरुस्तीचा खर्च ९ कोटी डॉलरच्या आसपास. या हिशोबात सगळं आलं.

मुंबईजवळ कधी असले सुरुंग पेरले होते का? आजोबा काहीतरी सांगायचे. (वाचक, दादर)

हो, आणि ते पण शत्रूनं. १९१७ मध्ये. जर्मनीचं वोल्फ नावाचं जहाज होतं, वरून साधं मालवाहू दिसणारं आणि पोटात शेकडो सुरुंग. कप्तान कार्ल नेर्गर. नोव्हेंबर १९१६ ला कीलहून निघालं ते जवळजवळ १५ महिने एकाही बंदराला न लागता फिरत राहिलं, वाटेत पकडलेल्या जहाजांचा कोळसा आणि अन्न वापरत. आधी दक्षिण आफ्रिकेच्या टोकाशी सुरुंग टाकले, मग फेब्रुवारी १९१७ मध्ये कोलंबोबाहेर आणि मुंबईबाहेर. कोलंबोला त्याच महिन्यात वूस्टरशायर आणि पर्सियस ही दोन जहाजं गेली.

मुंबईच्या वाट्याला आलं ते जूनमध्ये. पी अँड ओ कंपनीचं मंगोलिया हे प्रवासी आणि टपाल नेणारं मोठं जहाज २३ जून १९१७ ला मुंबईच्या दक्षिणेला सुरुंगावर आदळून बुडालं, वीसहून जास्त माणसं गेली. तारीख बघा, ऐन पावसाळा, आपल्याकडच्या समुद्राचं तेव्हाचं रूप कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आणि सुरुंग टाकणारं जहाज तोपर्यंत चार महिने आधीच निघून हजारो मैल लांब गेलेलं. या हत्यारातली सगळ्यात घाणेरडी गोष्ट मला हीच वाटते. मारणारा जागेवर नसतोच.

तुमचे आजोबा याबद्दलच सांगत होते की दुसऱ्या महायुद्धाबद्दल, ते पत्रावरून कळलं नाही.

भारताकडे लाकडी माइनस्वीपर होत्या का? आणि आता किती आहेत? (निवृत्त शिक्षिका, ठाणे)

मॅडम, होत्या. १९५० च्या दशकात आपण ब्रिटनकडून वर सांगितलेल्या टन क्लासच्या चार बोटी घेतल्या आणि त्यांना आपल्या किनाऱ्यावरच्या गावांची नावं दिली : कारवार, कन्नूर, कडलूर, काकीनाडा. त्याशिवाय उथळ पाण्यासाठी छोट्या हॅम क्लासच्या दोन, त्यातली एक आयएनएस बसीन. बसीन म्हणजे आपली वसई! चिमाजीअप्पांच्या वसईचं नाव एका लाकडी सुरुंगबोटीला होतं हे वसईकरांना तरी माहितीये का कोण जाणे. याच हॅम क्लासच्या भटकळ आणि बलसाड या दोन बोटी पुढे मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या. मुंबईला लाकडाची जहाजं बांधायची सवय जुनीच आहे म्हणा, वाडियांनी १८१७ मध्ये इथे सागवानात बांधलेली ट्रिंकोमाली अजून इंग्लंडातल्या हार्टलपूलमध्ये तरंगतेय.

नंतर १९७८ पासून सोव्हिएत युनियनकडून बारा मोठ्या माइनस्वीपर आल्या, पाँडिचेरी क्लासच्या. त्यात आयएनएस रत्नागिरी होती, आयएनएस कोकण होती. पण या लाकडाच्या नव्हत्या. सोव्हिएत लोकांनी कमी चुंबकत्वाचं खास पोलाद वापरलं होतं, तो त्यांचा वेगळा रस्ता.

आता "किती आहेत" याचं उत्तर द्यायला मला आवडत नाही. या बारातली शेवटची आयएनएस कोझिकोड एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झाली आणि तेव्हापासून याच कामासाठी बांधलेली एकही बोट आपल्याकडे नाही. साडेसात हजार किलोमीटर लांबीची किनारपट्टी म्हणून पूर्वी शाळेत शिकवायचे त्या देशात. दक्षिण कोरियाच्या कंपनीबरोबर गोवा शिपयार्डात, म्हणजे वास्कोला, बारा बोटी बांधायचं वर्षानुवर्षं चाललं होतं, ते २०१८ च्या सुरुवातीला रद्द झालं. मग ३ जुलै २०२५ ला संरक्षण खरेदी परिषदेनं अशा बोटी घ्यायला तत्त्वतः मंजुरी दिली. मंजुरी म्हणजे बोट नाही. ऑर्डर, बांधणी, चाचण्या यात किती वर्षं जातात ते तुम्ही वर्गात मुलांना प्रकल्पाची मुदत देत आलात, तुम्हाला मी काय सांगू.

आणि उशिराची किंमत काय असते ते आपल्या शेजारीच दिसलंय. १९७१ च्या युद्धात पाकिस्ताननं चितगाव बंदराच्या वाटेवर सुरुंग टाकून ठेवले होते. ते आणि बुडालेली जहाजं काढायला सोव्हिएत नौदलाचा ताफा एप्रिल १९७२ मध्ये आला आणि काम संपवून गेला जून १९७४ मध्ये. नुकत्या जन्मलेल्या बांगलादेशाच्या मुख्य बंदरासाठी सव्वादोन वर्षं.

मी बहरीनला नोकरी करतो. इथल्या बंदरात अमेरिकेच्या छोट्या करड्या बोटी असायच्या, त्या लाकडी आहेत असं कोणीतरी म्हणालं तर विश्वास बसला नाही. आता त्या दिसत नाहीत. (वाचक, मनामा)

विश्वास ठेवा. त्या ॲव्हेंजर क्लासच्या. १९८७ ते १९९४ मध्ये अशा चौदा बांधल्या, ६८ मीटर लांब, ओक, डग्लस फर आणि अलास्काचं सीडर अशा लाकडांच्या थरांचं अंग आणि वरून फायबरग्लासचं आवरण. लांबून बघणाऱ्याला लाकूड दिसतच नाही, त्यामुळे तुमचा दोष नाही. बहरीनमधल्या शेवटच्या चार २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी ॲल्युमिनियमची मोठी जहाजं आलीत, ती स्वतः सुरुंगांच्या भागात जात नाहीत, लांब उभी राहून बिनमाणसाची बोट आत पाठवतात. माणूस धोक्यापासून लांब राहतो हे चांगलंच आहे. पण ॲव्हेंजर बोटी संथ, जुन्या आणि कटकटीच्या असल्या तरी त्या फक्त हे एकच काम करायला बांधल्या होत्या, आणि दहा कामं जमणारं जहाज एखाद्या कामात तितकंच पक्कं असतं का, याबद्दल मी जरा साशंक आहे.

ॲव्हेंजर आणि जुन्या बोटी यांत अजून एक फरक. नुसता तारा ओढून रान साफ करणं हे चाळणीतून तांदूळ काढल्यासारखं, आणि नवीन पद्धत म्हणजे एकेक खडा बघून निवडणं. उच्च फ्रिक्वेन्सीच्या सोनारनं तळाचं चित्र घ्यायचं, संशयास्पद वस्तू दिसली की केबलला बांधलेला छोटा रोबोट किंवा पाणबुड्या पाठवायचा, खात्री करायची, शेजारी स्फोटकं ठेवून लांबून उडवायचं. सुरुंगात काउंटर असला काय नि नसला काय, इथे फरक पडत नाही. वेळ मात्र प्रचंड जातो, कारण तळावर पडलेला जुना फ्रीज आणि सुरुंग सोनारवर सारखेच दिसू शकतात.

लाकूड कुजत नाही का? (वाचक, कोल्हापूर)

कुजतं. किडे लागतात, फळ्या फुगतात, आणि असं काम करणारे सुतार आता मिळत नाहीत. खडकावर चढली तर संपलंच : ॲव्हेंजर क्लासमधली गार्डियन जानेवारी २०१३ मध्ये फिलिपिन्समधल्या तुब्बाताहा प्रवाळावर अडकली, लाटांनी फळ्या उखडल्या, शेवटी तिथेच तुकडे तुकडे करून ती काढावी लागली. आणि आग. जपाननं लाकडी माइनस्वीपर फार काळ जपल्या, त्यातली उकुशिमा नोव्हेंबर २०२४ मध्ये इंजिनरूममध्ये आग लागून फुकुओकाजवळ बुडाली.

म्हणून लाकडाची जागा घेतली फायबरग्लासनं. ब्रिटनची विल्टन ही १९७३ मध्ये नौदलात आलेली पहिली फायबरग्लासची युद्धनौका, आणि ती पण माइनस्वीपरच. डिझाइन टन क्लासचंच, माल नवीन. तिच्यात एका भंगारात काढलेल्या लाकडी टन बोटीचं सामानसुद्धा वापरलं होतं. काटकसर फक्त कोल्हापुरातच असते असं नाही!

सगळे सुरुंग निघाले हे शेवटी कळतं कसं? (वाचक, सांगली)

खरं सांगायचं तर शंभर टक्के कधीच कळत नाही. अमुक पट्ट्यावरून इतक्या वेळा गेलो, म्हणजे सुरुंग राहिला असण्याची शक्यता इतकी कमी, असा हिशोब मांडतात. माइनस्वीपरचं काम हे असं आहे, सुरुंग फोडणं त्यातला छोटा भाग, आणि "इथे काही नाही" हे दुसऱ्याला पटवून देणं हा मोठा. सुरुंग पेरणाऱ्याला उलट काहीच सिद्ध करावं लागत नाही. त्यानं नुसती अफवा सोडली तरी विमा कंपन्या बंदर बंद पाडतात.

याचं टोक बघायचं तर १९७३. व्हिएतनाम करारानंतर अमेरिकेनं उत्तर व्हिएतनामच्या हैफाँग बंदराबाहेर स्वतःच टाकलेले सुरुंग स्वतःच काढायला घेतले. कुठे टाकले ते माहीत, कसले ते माहीत, बरेचसे ठराविक मुदतीनंतर आपोआप निकामी होणारे. फेब्रुवारी ते जुलै काम चाललं, हेलिकॉप्टरनं यंत्रं ओढली, बोटी फिरल्या, आणि एवढ्या सगळ्यात सुरुंग फुटला किती, तर एक. तरी समोरच्याला पटेना. मग एक जुनं जहाज फोमनं भरलं, आतल्या माणसांच्या जागा गाद्यांनी मढवल्या आणि स्वखुशीनं पुढे आलेले मोजके खलाशी घेऊन ते बंदराच्या वाटेवरून मुद्दाम ये-जा करवलं. काही फुटलं नाही.

(पुण्याच्या वाचकांनी कृपया हे वाचून "मी म्हटलंच होतं" असं पत्र पाठवू नये. आधी सगळं साफ केलं होतं, मग जहाज पाठवलं.)

अशी लाकडी बोट बघायला कुठे मिळेल? मुलाला दाखवायची आहे. (वाचक, डोंबिवली)

तुमचे कोणी कॅलिफोर्नियात असतील तर स्टॉकटनला १९५० च्या दशकातली लुसिड नावाची अमेरिकन लाकडी माइनस्वीपर म्युझियम म्हणून जपलीये. ब्रिटनची ब्रॉनिंग्टन, जिच्यावर आताचे राजे चार्ल्स १९७६ मध्ये कप्तान होते, ती मात्र सांभाळणारं कोणी उरलं नाही म्हणून २०१६ मध्ये बर्कनहेडला जागच्या जागी बुडाली. आणि समुद्राखालचं जग दाखवणारे फ्रेंच पाणबुडे जॅक कुस्तो यांची कॅलिप्सो बोट मुलानं कुठे व्हिडिओत बघितली असेल तर त्याला सांगा, ती १९४२ मध्ये अमेरिकेत बांधलेली लाकडी माइनस्वीपरच होती. युद्ध संपल्यावर काही दिवस माल्टात फेरीबोट म्हणून चालली आणि मग कुस्तोंकडे आली.